सांदरमोख : पाइनच्या जंगलातले खड्डे आणि तिथी नसलेली माणसं

टिपूस

आमच्या आजीचा धाकटा भाऊ दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर गेला तो परत आलाच नाही. तारही आली नाही. आजी दरवर्षी सर्वपित्रीला त्याच्या नावाने पान वाढायची आणि कावळा शिवेपर्यंत मागच्या दारात उभी राहायची. "तिथी ठाऊक नाही, मग आजचाच दिवस त्याचा," एवढंच म्हणायची. २०१८ च्या ऑगस्टमध्ये रशियातल्या कारेलिया प्रांतात, पाइनच्या एका जंगलात उभी असताना तिचं ते वाक्य मला जसंच्या तसं आठवलं. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही दोन वर्षं सेंट पीटर्सबर्गला होतो. मुर्मान्स्कला जाणाऱ्या गाडीत रात्री बसलं की वाटेत मेद्वेझ्या गोरा नावाचं जुनं लाकडी स्टेशन लागतं. गावाचं नाव मेद्वेझ्येगोर्स्क. श्वेत समुद्राला बाल्टिकशी जोडणारा २२७ किलोमीटरचा कालवा १९३१ ते १९३३ मध्ये कैद्यांकडून खोदून घेतला, त्याचा कारभार या गावातून चालायचा. कुदळी, फावडी, लाकडी हातगाड्या, एवढ्याच साधनांनी २० महिन्यांत काम उरकलं. किती जीव गेले याचे आकडे निरनिराळे सांगतात, पण कमीत कमी आकडाही हजारांत आहे. या गावातून पोव्हेनेत्सच्या दिशेने थोडं गेलं की उजाड माळ नाही, स्मशान नाही, साधं जंगल लागतं. तेच सांदरमोख.

३० जुलै १९३७ रोजी स्टालिनच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव्हने ४४७ क्रमांकाच्या गुप्त हुकुमावर सही केली. कुठल्या प्रांतात किती माणसं गोळी घालून मारायची आणि किती सक्तमजुरीच्या छावणीत धाडायची, याचा कोटाच त्यात ठरवून दिला होता. ५ ऑगस्टपासून अंमल सुरू झाला. आधीपासून शिक्षा भोगत असलेल्यांनाही कोटा लागू होता. श्वेत समुद्रातल्या सोलोव्की बेटांवरच्या तुरुंगाच्या वाट्याला १,२०० आले. यादीत नावं भरली गेली, कागदावर नवी शिक्षा झाली. त्यांतल्या पहिल्या मोठ्या तुकडीला बोटीने किनाऱ्यावर आणि मग रेल्वेने मेद्वेझ्येगोर्स्कला आणलं. २७ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर या दिवसांत कॅप्टन मात्वेयेव्ह नावाच्या अधिकाऱ्याने १,१११ माणसांना इथे जंगलात गोळ्या घातल्या. यादी १,११६ जणांची होती. एक आधीच वारला, चौघांना दुसरीकडे नेलं. एवढा चोख हिशेब ठेवणाऱ्यांनी घरच्यांना मात्र एक ओळ कळवली नाही.

साठ वर्षं हे जंगल जंगलच राहिलं. पुढे हाच मात्वेयेव्ह १९३९ मध्ये स्वतः अटकेत आला आणि चौकशीत त्याने जागेचं वर्णन केलं. ते कागद नव्वदीत, या दडपशाहीच्या बळींचा शोध घेणाऱ्या 'मेमोरियल' संस्थेच्या वेनियामिन इयोफे आणि इरिना फ्लिगे यांच्या हाती लागले. कारेलियातले युरी द्मित्रियेव्ह तोवर कैक वर्षं गोळी घातलेल्यांच्या नोंदी जुळवत होते. तिघं मिळून शोधायला निघाले आणि १ जुलै १९९७ रोजी जागा सापडली. सापडली कशी, तर जमिनीवरून. माती भरलेला खड्डा वर्षानुवर्षं खाली बसत जातो. शेवाळाने झाकलेल्या जमिनीत चौकोनी खोलगट भाग दिसू लागले, एकाशेजारी एक. असे दोनशेच्या वर खड्डे आहेत. सोलोव्कीचे कैदी, कालव्याच्या छावणीचे कैदी, हद्दपार करून तिथे वसवलेले शेतकरी, आसपासच्या गावांतले लोक, मिळून सहा हजारांहून जास्त माणसं.

मी गेले तेव्हा ५ ऑगस्टचा वार्षिक स्मृतिदिन होऊन आठवडा झाला होता. फुलं सुकली होती. प्रत्येक खड्ड्यापाशी लाकडी खांब, त्यावर छोटंसं दुपाखी छप्पर. कुणी खांबाला, कुणी झाडाच्या बुंध्याला फोटो लावलेला. कुटुंबीयांना नेमका खड्डा माहीत नसतो, म्हणून झाड निवडतात. युक्रेनी लोकांचा दगडी क्रूस आहे, पोलिश, एस्टोनियन, ज्यू, मुस्लिम, सगळ्यांच्या खुणा आहेत. प्रवेशाजवळच्या मोठ्या शिळेवर लिहिलंय, 'माणसांनो, एकमेकांना मारू नका.' पायाखाली ब्लूबेरीची झुडपं आहेत. मी एकही फळ तोडलं नाही.

अलेक्सेई वानगेनगाइम यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय थांबवत नाही. सोव्हिएत संघाची एकत्रित हवामान सेवा १९२९ मध्ये यांनी उभी केली. जानेवारी १९३४ मध्ये अटक झाली, तेव्हा त्यांची मुलगी चार वर्षांचीही नव्हती. सोलोव्कीहून ते तिला पत्रांतून पानं, फुलं, चित्रं, कोडी पाठवायचे. पानं, पाकळ्या मोजून तिला अंक शिकवायचे. ३ नोव्हेंबर १९३७ रोजी त्यांना इथे गोळी घातली. घरच्यांना नंतर कागद मिळाला की ते १९४२ मध्ये पोटाच्या विकाराने वारले. त्या मुलीच्या हिशेबात वडील पाच वर्षं जास्त जगले.

तुमच्यापैकी कुणी अशा जागा पाहिल्या असतील, वाचलं असेल, तर लिहा.

जुनी_वही

टिपूस, पानांतून अंक शिकवणारा बाप काही केल्या डोक्यातून जात नाही.

खोट्या तारखेबद्दल थोडी भर. ती एखाद्या कारकुनाची चूक नव्हती, धोरणच होतं. आधी नातेवाइकांना सांगायचे, 'पत्रव्यवहाराच्या हक्काविना दहा वर्षं'. दहा वर्षं सरली, माणूस आला नाही. स्टालिन गेल्यावर चौकश्या वाढल्या, तेव्हा १९५५ मध्ये केजीबीची गुप्त सूचना निघाली की माणूस छावणीत वारला असं सांगा, आणि तारीख शिक्षेच्या त्या दहा वर्षांतली घाला. न्यूमोनिया, हृदयविकार अशी कारणं भरली. पुष्कळ तारखा युद्धाच्या वर्षांतल्या होत्या, त्यामुळे लोकांना ते पटलंही. दाखल्यावर 'गोळी घालून' हे खरं कारण यायला ऐंशीच्या दशकाचा शेवट उजाडला.

म्हणजे तुझ्या आजीला तिथी ठाऊक नव्हती, यांच्या घरी चुकीच्या तिथीला मेणबत्ती लागत होती. दुसरं जास्त क्रूर वाटतं मला.

सैबेरियाचा_पाहुणा

मी तोम्स्कला वैद्यकीय शिक्षण घेतलं. आमच्या वसतिगृहातल्या एका म्हाताऱ्या काकू ओब नदीकाठच्या कोल्पाशेवोच्या होत्या. तिथली हकिगत आता सगळ्यांना माहीत आहे, तरी पहिल्यांदा त्यांच्याकडून ऐकली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

कोल्पाशेवोत तीसच्या दशकात गुप्त पोलिसांचा तुरुंग होता आणि मारलेल्यांना आवारातच पुरत. ओब दरवर्षी काठ खाते. १९७९ च्या वसंतात, मे दिनाच्या सुमारास, पुराने काठ कोसळला आणि वाळूत सुकून जशीच्या तशी राहिलेली प्रेतं उघडी पडली. चेहरे ओळखू येत होते म्हणे. लोक काठावर जमले. काहींची स्वतःची माणसं तीसच्या दशकात नेलेली होती.

प्रशासनाने काय केलं? मोठ्या बोटी आणून काठाला लावल्या आणि पंख्यांच्या पाण्याच्या माऱ्याने उरलेला काठही नदीत पाडला. प्रेतं वाहू लागली, तेव्हा छोट्या होड्यांतून माणसं पाठवून त्यांना भंगार लोखंड बांधून बुडवलं. ही गोष्ट १९७९ ची आहे, स्टालिनला जाऊन २६ वर्षं झाली होती. तेव्हा त्यांना सन्मानाने पुरणं शक्य होतं, कुणी अडवलं नसतं.

काकू म्हणायच्या, "नदीने दाखवलं, माणसांनी लपवलं."

सह्यकडा

लेख भावपूर्ण आहे, पण एकतर्फी वाटला म्हणून लिहितो. राग नसावा. त्याच काळात त्या देशाने दहा-पंधरा वर्षांत कारखाने उभे केले, पुढे हिटलरला हरवलं, त्यात कोट्यवधी माणसं गेली. त्यांची स्मारकं गावोगाव आहेतच. शिवाय सांदरमोखमध्ये पुरलेले फिनलंडच्या सैन्याने मारलेले सोव्हिएत युद्धकैदी आहेत, असंही वाचलंय. मग खरं काय?

टिपूस

सह्यकडा, राग कशाला. विचारलंत ते बरं झालं.

फिनिश सैन्य त्या भागात १९४१ ते १९४४ होतं, हे खरं. त्यांच्या युद्धकैद्यांच्या छावण्या होत्या आणि तिथे कैदी मेले, हेही खरं. रशियन लष्करी इतिहास संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये सांदरमोखला उत्खनन करून तो दावा पुढे केला. पण सोलोव्कीच्या त्या माणसांची नावानिशी यादी आहे, शिक्षेचे कागद आहेत, अंमलबजावणीचे तारीखवार दाखले आहेत आणि मारणाऱ्याचा स्वतःचा जबाब आहे. एखाद्या खड्ड्यात पुढे युद्धकैदी पुरले गेले असतील असं घटकाभर धरलं, तरी हे १,१११ कुठे जातील? त्यांना दुसरी जागा कुणी दाखवलेली नाही.

आणि युद्धात लढून मेलेल्यांचा मान कुणी कमी करत नाहीये. पण यांच्यातले किती जण लढायला उरले असते, हेही बघा. लेस कुर्बास हा युक्रेनी रंगभूमीचा मोठा दिग्दर्शक, कवी मिकोला झेरोव्ह, नाटककार मिकोला कुलिश, कादंबरीकार वालेरियान पिद्मोहिल्नी, सगळे ३ नोव्हेंबरला एकाच दिवशी संपवले. एका भाषेची अख्खी पिढी एका दिवसात गेली. आपल्याकडे १९३७ साली मराठीत लिहिणारे पहिल्या फळीतले कवी, नाटककार, दिग्दर्शक एका खड्ड्यात गेले असते तर पुढचं मराठी कसं असतं, असा विचार मी तिथे उभी राहून करत होते.

ज्यांनी ही जागा शोधली त्यांचं काय झालं तेही सांगते. द्मित्रियेव्हना डिसेंबर २०१६ मध्ये अटक झाली. दत्तक मुलीच्या संदर्भातले अतिशय गंभीर आरोप होते. न्यायालयाने २०१८ मध्ये त्या आरोपांतून निर्दोष सोडलं, निकाल फिरवला गेला, शिक्षा वाढत वाढत २७ डिसेंबर २०२१ ला १५ वर्षांवर पोचली. 'मेमोरियल' त्यांना राजकीय कैदी मानते. दुसऱ्याच दिवशी, २८ डिसेंबरला, रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 'मेमोरियल'च बरखास्त करायचा आदेश दिला. पुढच्या वर्षी त्या संस्थेला शांततेचं नोबेल मिळालं. मेद्वेझ्येगोर्स्कच्या संग्रहालयाचे संचालक सेर्गेई कोल्तिरिन सांदरमोखची काळजी घ्यायचे. तेही अटकेत गेले आणि २०२० मध्ये कैदेतच, रुग्णालयात वारले.

सह्यकडा

नावानिशी कागद आहेत हे मला माहीत नव्हतं. फिनिश कैद्यांबद्दलचं माझं वाक्य मागे घेतो. कारखान्यांबद्दल माझं मत वेगळं आहे, पण ते या धाग्यावर नको.

निळी_शाई

मी सध्या अस्तानात आहे, कझाकस्तान. शहरापासून तासाभराच्या आत अकमोल गाव आहे, तिथे 'अल्झीर' छावणी होती. 'अकमोलिन्स्कची देशद्रोह्यांच्या बायकांची छावणी' या रशियन शब्दांची ती आद्याक्षरं. गुन्हा एकच, नवऱ्याला अटक झाली होती. २००७ पासून तिथे संग्रहालय आहे. समोर 'दुःखाची कमान' आणि मागे काळ्या दगडाच्या भिंतीवर हजारो बायकांची नावं.

तिथे एक गोष्ट सांगतात. बायका गोठलेल्या तळ्यावर बोरू कापायला जायच्या. एकदा गावातली कझाक म्हातारी माणसं आणि मुलं त्यांच्यावर पांढरे दगड फेकू लागली. पहारेकरी हसले की बघा, लोकही तुमचा तिरस्कार करतात. एक बाई अडखळून पडली आणि तिला त्या दगडाला दुधाचा वास आला. ते कुर्त होतं, खारवून उन्हात वाळवलेले दह्याचे गोळे. गावाने जेवण फेकलं होतं. संग्रहालयात आजही पाहुण्याच्या हातावर कुर्त ठेवतात. खूप खारट असतं, जिभेवर बराच वेळ राहतं.

कारागांदाच्या बाजूला स्पास्कच्या जुन्या छावणीच्या जागी गेलात तर आणखी वेगळं दृश्य. गवताळ रान आणि त्यात जर्मन, जपानी, रुमानियन, फिनिश, फ्रेंच, पोलिश अशी एकेका देशाने येऊन लावलेली स्मारकं. दोलिंका गावाजवळ छावणीत जन्मलेल्या मुलांचं कब्रस्तान आहे, त्याला 'मामोच्किनो' म्हणतात, म्हणजे 'आईचं'. तिथे मी दहा मिनिटांच्या वर थांबू शकले नाही.

सैबेरियाचा_पाहुणा

छावणीतल्या साध्या मरणाचंही कुणीतरी लिहायला हवं. गोळी घातलेल्यांच्या निदान याद्या आहेत. उपासमार, थंडी, खाणीतले अपघात यांनी १९३० ते १९५३ मध्ये छावण्यांत मेलेले १५ लाखांच्या वर धरतात. त्यांना पेटी नाही. पायाच्या बोटाला नंबराची पट्टी, खड्ड्यावर लाकडी खुंटी, खुंटीला नंबर. रशियाच्या अतिपूर्वेला कोलिमात बुतुगिचागला खाणीच्या छावणीचं कब्रस्तान आहे, तिथे नंबर पत्र्याच्या डब्यांच्या झाकणांवर ठोकलेले. वर्षानुवर्षं गोठलेली जमीन फावड्याने खणता येत नाही, म्हणून खड्डा उथळ, आणि बर्फ वितळलं की जमीन हाडं वर ढकलते. नोरिल्स्कला श्मिद्तिखा डोंगराच्या पायथ्याशी असंच झालं, आता तिथे बाल्टिक देशांची आणि पोलिश स्मारकं आहेत.

मगदानला एर्न्स्ट नेइझ्वेस्त्नीचा 'शोकाचा मुखवटा' आहे, १९९६ चा, १५ मीटर उंच काँक्रीट चेहरा. डाव्या डोळ्यातून गळणारे अश्रू म्हणजे छोटे छोटे चेहरेच आहेत. मला मात्र ती झाकणं जास्त भिडली. शिल्प कलाकाराने केलंय, झाकणावरचा नंबर बहुधा शेजारच्या कैद्याने ठोकलाय.

पाऊलखुणा

यात कुणी भारतीय होते का?

जुनी_वही

होते. सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, 'चट्टो'. लेनिनग्राडला मानववंशशास्त्राचं काम करत होते. २ सप्टेंबर १९३७ रोजी गोळी घातली. अबनी मुखर्जी, ऑक्टोबर १९३७, मॉस्को. गुलाम अंबिया खान लुहानी, सप्टेंबर १९३८, मॉस्कोजवळच्या कोमुनार्कात. तिघंही परदेशात राहून इंग्रजांविरुद्ध लढलेले. आपल्या पाठ्यपुस्तकांत यांचा शेवट कसा झाला हे मी कधी वाचलं नाही.

करवीरकर

उशिरा आलो धाग्यावर. कोल्हापूरचा आहे, म्हणून लिहिणं भाग आहे.

आमच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. ही माणसं आली कुठून? १७ सप्टेंबर १९३९ ला सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या. १९४० च्या फेब्रुवारीपासून घरंच्या घरं मालगाडीत घालून आर्खांगेल्स्क, सैबेरिया, कझाकस्तानला नेली. लाकूडतोड, शेती, खाणी. १९४१ मध्ये जर्मनीने हल्ला केल्यावर करार झाला, माफी मिळाली, आणि जनरल आंदेर्सच्या पोलिश सैन्याबरोबर ही माणसं कास्पियन ओलांडून इराणात, तिथून कराची आणि मग कोल्हापूर. काही मुलं जामनगरच्या जामसाहेबांकडे बालाचडीला राहिली.

इथे त्यांनी शाळा काढल्या, चर्च होतं, नाटकं व्हायची. आजोबा सांगायचे की पोलिश बायका बाजारात मराठीत भाव करायच्या. छावणीच्या जागी आज गांधीनगर आहे. फाळणीनंतर आलेले सिंधी त्याच बराकींत राहिले. एक निर्वासित उठले, दुसरे आले.

पण जे इथवर पोचले आणि इथेच गेले, त्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत. सैबेरियाच्या उपासमारीने आणि आजाराने पोखरलेली शरीरं होती ती. पाचगणीलाही त्यांच्यासाठी क्षयरोग्यांचं आरोग्यधाम होतं. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये वळिवड्याला स्मृतिस्तंभ झाला, तेव्हा तिथे लहानपण काढलेले म्हातारे पोलंड-इंग्लंडहून आले होते. मी गर्दीत मागे उभा होतो. एक आजी स्टेशनच्या दिशेला बोट दाखवून रडत होत्या.

पाऊलखुणा

करवीरकर, हे सगळे कामगार छावण्यांतले कैदी म्हणायचे का? की फक्त हद्दपार केलेले?

करवीरकर

बहुतेक 'विशेष वसाहतीं'तले. तारेचं कुंपण नसायचं, पण जागा सोडायची मुभा नाही आणि काम सक्तीचं. घरातले पुरुष मात्र बरेचदा वेगळे काढून छावणीत किंवा तुरुंगात टाकलेले, म्हणून तर वळिवड्यात बायका-मुलंच जास्त. कागदावर फरक आहे, आणि तो पाळायलाच हवा. खंदकात पुरलेल्या लहान मुलाच्या आईला तो किती जाणवला असेल, ठाऊक नाही.

निळी_शाई

मॉस्कोत 'शेवटचा पत्ता' म्हणून उपक्रम २०१४ मध्ये सुरू झाला, त्याची आठवण झाली. ज्या घरातून माणसाला नेलं त्या घराच्या भिंतीवर हाताच्या पंजाएवढी पोलादी पट्टी लावतात. नाव, व्यवसाय, जन्म, अटक, गोळी, निर्दोषत्व मान्य झाल्याचं साल. डाव्या बाजूला, फोटो असतो तिथे, चौकोनी भोक. अलीकडे बऱ्याच पट्ट्या रात्रीतून गायब होतात. काही ठिकाणी रहिवासी त्याच जागी पुठ्ठ्याची पट्टी लावतात.

टिपूस

मी मॉस्कोला गुप्त पोलिसांच्या मुख्यालयासमोर, म्हणजे लुब्यांकासमोर, सोलोव्कीहून आणलेल्या शिळेपाशी २९ ऑक्टोबरला रांगेत उभी होते. २००७ पासून दरवर्षी तिथे सकाळी दहा ते रात्री दहा नावं वाचत. प्रत्येकाच्या हातात कागद देत, नाव, वय, धंदा, मारल्याची तारीख. वाचायचं, मेणबत्ती ठेवायची, पुढे जायचं. मला आलेला माणूस सुतार होता. नंतर काही जण कागदाबाहेरचं एक वाक्य जोडत, 'आणि माझे आजोबा', मग नाव. २०२० पासून साथीचं कारण देऊन परवानगी मिळत नाही.

करवीरकर, एक विनंती. जमलं तर कबरींपाशी जाऊन याल का? काय अवस्था आहे बघाल?

करवीरकर

काल रविवारी सकाळी जाऊन आलो. मुलगी बरोबर होती. जागा राखलेली आहे, दुरुस्ती झालेली दिसते. काही दगडांवर अक्षरं स्पष्ट आहेत, काहींवर पावसाने गेलीत. मुलीने जन्माचं आणि मृत्यूचं साल वजा करून वयं काढली. पाच-सहा दगडांनंतर ती गप्प झाली.

वाचता येईना म्हणून विचारतो. नावाच्या आधी दोन अक्षरं दिसतात, पहिल्यावर तिरकी रेघ. ती काय असावीत?

जुनी_वही

पोलिश कबरींवर नावाआधी ती असतातच. 'श्विएंतेय पामिएंचि', पवित्र स्मृतीतले. आपल्याकडे कै. लिहितात तसं. पोलंडमध्ये १ आणि २ नोव्हेंबरला प्रत्येक कबरीवर दिवा लावतात, आपल्या माणसाची नसली तरी.

करवीरकर

धन्यवाद. मुलीला सांगितलं. पुसट झालेल्या दगडांवर ती दोन अक्षरं शोधूया म्हणते, म्हणजे पुढे नाव सुरू होतं ते कळेल. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मऊ ब्रश, पाणी आणि पणत्या घेऊन जातोय. कोल्हापुरातलं कुणी येणार असेल तर इथेच कळवा.

सह्यकडा

मी इचलकरंजीला असतो. येतो.